हरवलेला शब्द

माजघराच्या खिडकीपाशी आजोबांची आरामखुर्ची असे. दिवेलागण झाली, की ते तिच्यात येऊन बसत आणि नातवाला म्हणत, “अरे, जरा दादांची फीत लाव.”

दादा म्हणजे आजोबांचे थोरले बंधू. ते गावोगाव कीर्तन करीत. त्यांना जाऊन बरीच वर्षे लोटली होती. त्यांच्या शेकडो कीर्तनांपैकी एकच कीर्तन कोणीतरी ध्वनिफितीवर उतरवून घेतले होते. आणि नेमके त्या रात्री आजोबा नोकरीच्या गावी होते. प्रत्यक्ष ऐकावयाचे राहून गेले ते फितीवरून तरी ऐकावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

परंतु घरातील जुन्या ध्वनिवर्धकातून त्यांना मृदंगाचा घुमारा ऐकू येई, पेटीचा सूर ऐकू येई, दादांचा भरदार आवाजही ऐकू येई. शब्द मात्र येत नसत. कीर्तनाच्या उत्तररंगात एके ठिकाणी सारे श्रोते खो खो हसत. तेथे आले, की आजोबा पुढे वाकत, कानामागे हात धरीत आणि विचारीत, “काय रे म्हणाला दादा?” नातू कान देऊन ऐके. पण फीत जुनी, ध्वनिवर्धक त्याहून जुना! “...आळ धर... आणि तो रोज... आळतो,” असे काहीतरी त्याला ऐकू येई. त्यात हसण्यासारखे काय होते, हे कोणालाच उमगत नसे. कानांत घालावयाची यंत्रे आजोबांना सोसत नसत. ते नुसते मान हलवीत व म्हणत, “आवाज येतो रे, शब्द येत नाही.”

आजोबांचे हे बोलणे वाटते त्यापेक्षा फार अचूक होते. माणसाच्या बोलण्यात अ, आ, ओ यांसारखे स्वर असतात, त्यांचा जोर मुख्यतः खालच्या व मधल्या पट्टीत असतो. त्यांनी आवाजाला भरदारपणा येतो. क, ट, त, स, श ही व्यंजने मात्र क्षणभरच उमटतात, आणि त्यांची ओळख बहुतांशी वरच्या पट्टीत, म्हणजे सेकंदाला सुमारे २००० कंपनांच्या वर दडलेली असते. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. म्हातारपणी कान अधू होऊ लागतो तो प्रथम याच वरच्या पट्टीत. अशा कानाला ध्वनिवर्धकानेही त्याच जागी दगा दिला, तर स्वर तेवढे उरतात आणि व्यंजने गळून पडतात.

नातू तेरा वर्षांचा होता व त्याला सुतारकामाची गोडी होती. नवा ध्वनिवर्धक आपण घरीच बांधावा, असे त्याने ठरविले आणि तो मामांकडे गेला. मामांचे विजेची उपकरणे दुरुस्त करण्याचे दुकान होते. त्यांनी त्याला एक साडेसहा इंची स्पीकर दिला आणि त्याबरोबर एक लहानसा, कपाच्या बुडाएवढा दुसरा स्पीकरही दिला. पहिल्याला वूफर म्हणतात व दुसऱ्याला ट्वीटर.

“एक पुरणार नाही का?” नातवाने विचारले.

मामा म्हणाले, “तबलजी एकच वाद्य घेऊन का बसत नाही? डग्गा घुमतो, पण त्यातून ‘तिट’ निघत नाही. तबल्यातून ‘तिट’ निघते, पण तो घुमत नाही.”

मामांचे उत्तर खरे होते. आज घरोघरी असतो तो ध्वनिवर्धक म्हणजे एक कागदाचा किंवा तशाच हलक्या पदार्थाचा शंकू, त्याच्या मुळाशी तारेचे वेटोळे आणि त्याभोवती लोहचुंबक. वेटोळ्यातून गाण्याप्रमाणे कमीजास्त होणारा विद्युत्प्रवाह वाहतो, वेटोळे पुढेमागे हलते आणि शंकू हवेला ढकलू लागतो. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली या रचनेला जे रूप दिले, तेच थोड्याफार फरकाने अजून चालू आहे. मंद्र सुरासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते. म्हणून शंकू मोठा हवा. तार सुरासाठी फार जलद हलावे लागते. म्हणून पडदा हलका व लहान हवा. शिवाय आणखी एक अडचण आहे. शंकूच्या रुंदीच्या मानाने आवाजाची लाट लहान झाली, की तो आवाज चोहीकडे न पसरता विजेरीच्या झोताप्रमाणे सरळ पुढेच जाऊ लागतो. त्यामुळे एकट्या मोठ्या स्पीकरासमोर बसणाऱ्याला व्यंजने ऐकू येतात, बाजूला बसणाऱ्याला येत नाहीत.

दोन स्पीकर घेतले, की त्यांत कामाची वाटणी करावी लागते. ती करणारी तारेच्या वेटोळ्यांची व विद्युत्धारित्रांची एक लहानशी पट्टी असते. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. मामांनी दिलेल्या पट्टीची सीमा २५०० हर्ट्झ ही होती. त्याखालचा आवाज ती वूफरकडे धाडी व वरचा ट्वीटरकडे. मात्र ही सीमा शेताच्या बांधासारखी रेखीव नसते. सीमेच्या आसपास दोन्ही स्पीकर एकच आवाज जवळजवळ सारख्याच जोराने काढीत असतात. पुढील सारे रामायण घडले ते या एका गोष्टीमुळे.

नातवाने प्लायवूडचे ४५ सेंटिमीटर लांब, २६ सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर खोल असे खोके बांधले. फडताळाच्या कप्प्यात ते आडवेच मावत होते. समोरच्या फळीवर त्याने डाव्या टोकाला वूफर बसविला आणि उजव्या टोकाला ट्वीटर. दोहोंच्या मध्यांत ३० सेंटिमीटरांचे अंतर राहिले. मधल्या मोकळ्या जागेत त्याने पितळी फुलाची एक चकती ठोकली. खोके खरोखरच देखणे दिसत होते! समोर जमिनीवर मांडी घालून त्याने दादांची फीत लावली, आणि आपला आनंद त्याला आवरेना. पूर्वी कधी न ऐकलेले टाळांचे किणकिणणे आता स्वच्छ ऐकू येत होते.

संध्याकाळी आजोबा खुर्चीत बसले. हशा आला आणि गेला. आजोबा क्षणभर थांबले व हळूच म्हणाले, “छान झाले आहे हो खोके.” शब्द आला नव्हता, हे त्यांच्या तोंडाकडे पाहताच ताईच्या ध्यानात आले.

ताई ही नातवाची थोरली बहीण. ती त्या रात्री काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आजोबा देवळात गेल्यावर तिने मामांना बोलावून घेतले आणि ती स्वतः आजोबांच्या खुर्चीत जाऊन बसली. मामांनी मोबाइलवरून २५०० हर्ट्झचा एकच एक सूर खोक्यातून वाजविला. शिट्टीसारखा तो सूर ऐकत ताई डोके हळूहळू डावीकडे व उजवीकडे नेऊ लागली. एके ठिकाणी सूर मोठा होई, थोडे सरकताच तो क्षीण होई, आणखी सरकताच पुन्हा मोठा होई. आजोबांचे डोके जेथे टेकत असे, नेमकी तेथे ती शिट्टी अगदी मिणमिणती झाली होती.

“आवाज दोन्ही स्पीकरांतून येतो आहे ना?” ताईने विचारले.

“येतो आहे,” नातू खोक्याला कान लावून म्हणाला.

“मग दोन मिळून एकापेक्षा कमी कसे होतात?”

हा प्रश्न नातवाला भांडण्यासारखा वाटला; पण मामांनी तो फार चांगला प्रश्न आहे असे म्हटले व त्यांना मागल्या दारी हौदापाशी नेले. त्यांनी पाण्यात दोन खडे एकाच वेळी, थोड्या अंतरावर टाकले. दोन वर्तुळे पसरत गेली व एकमेकांत शिरली. काही ठिकाणी एका लाटेच्या उंचवट्यावर दुसरीचा उंचवटा पडून पाणी अधिक उसळले. काही ठिकाणी एकीच्या उंचवट्यावर दुसरीचा खळगा पडला आणि तेथील पाणी जवळपास सपाट राहिले. शास्त्रात याला व्यतिकरण म्हणतात. हवेतील आवाजाच्या लाटा पाण्याप्रमाणे वरखाली होत नाहीत. त्यांत हवा दाटते व विरळ होते. एका स्पीकराने हवा दाट करावयाची आणि त्याच क्षणी दुसऱ्याने विरळ, असे जेथे घडते, तेथे दोघांचेही श्रम वाया जातात.

आता हिशेब करावयाचा राहिला होता. उबदार हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. तेवढ्या वेळात २५०० लाटा निघतात. म्हणजे एका लाटेची लांबी १३.८ सेंटिमीटर झाली, आणि तिच्या निम्मे ६.९ सेंटिमीटर. एका स्पीकराची वाट दुसऱ्याच्या वाटेपेक्षा एवढी लांब झाली, की उंचवट्याला खळगा भेटणार.

ताईने सुतळी आणली. तिचे एक टोक खुर्चीच्या पाठीला, आजोबांच्या कानाच्या जागी नातवाने धरले. ताईने सुतळी वूफरच्या मध्यापर्यंत ताणली, गाठ मारली व मोजली: २१० सेंटिमीटर. मग ट्वीटरच्या मध्यापर्यंत: २०३ सेंटिमीटर.

कोणी काही बोलले नाही. वजाबाकी प्रत्येकाने मनातल्या मनात केली होती.

मामांनी मात्र एक सावधगिरीची सूचना दिली. क्रॉसओव्हरच्या वेटोळ्यांतूनही लाटा थोड्या मागेपुढे सरकतात. त्यामुळे सुतळीचे माप दर वेळी असे तंतोतंत जुळेलच असे नाही. शिवाय भिंतींवरून परतणारा आवाज ही खोट थोडीफार भरून काढतो. त्यामुळे त्या जागी अगदीच शुकशुकाट होत नाही. तरीपण आजोबांच्या कानाला ज्या पट्टीची सर्वांत अधिक गरज, तीच पट्टी त्यांच्या खुर्चीपाशी कापली जात होती, हे उघड झाले. नातवाने खोके तपासले ते बरोबर समोर बसून. तेथे दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या होत्या. हातभर बाजूला सरकून त्याने एकदा जरी ऐकले असते, तरी चूक तेव्हाच सापडली असती.

नातू खट्टू झालेला पाहून मामांनी त्याला एक जुनी हकीकत सांगितली.

१९३३ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी एक मोठा प्रयोग केला. फिलाडेल्फिया शहरात वाद्यवृंद वाजत होता, आणि तारेवरून आलेले ते संगीत वॉशिंग्टनच्या सभागृहात बसलेले श्रोते ऐकत होते. हार्वी फ्लेचर हे त्या प्रयोगाचे प्रमुख होते. त्यांच्या ध्वनिवर्धकांत मंद्र सुरांचे कर्णे वेगळे व तार सुरांचे वेगळे होते. प्रयोग गाजला. बोलपट नुकतेच बाळसे धरीत होते. चित्रपटगृहांनाही अशाच ध्वनिवर्धकांची आवश्यकता होती. हॉलिवुडच्या एमजीएम कंपनीत डग्लस शिअरर हे ध्वनिविभागाचे प्रमुख होते व जॉन हिलियार्ड हे त्यांचे अभियंते. त्यांनी त्या नमुन्याची परीक्षा घेतली. वाद्यसंगीत उत्तम वाजले. मग एलेनॉर पॉवेल या नर्तकीच्या नाचाची फीत लावण्यात आली. बुटांच्या टाचांना व चवड्यांना धातूच्या पट्ट्या लावून जमिनीवर टपटप ताल धरण्याचा तो नाच होता. आणि काय आश्चर्य! तिच्या एकेका पावलाचे दोन दोन आवाज ऐकू आले.

शोध घेता कारण सापडले. मंद्र सुरांचा कर्णा लांबलचक असून आत वळवून दुमडलेला होता. त्यातून येणाऱ्या आवाजाला तार सुरांच्या कर्ण्यापेक्षा सुमारे आठ फूट अधिक वाट चालावी लागत होती. आठ फूट चालावयास आवाजाला सेकंदाचा एकशे-चाळिसावा भाग लागतो. व्हायोलिनच्या लांब सुरात तेवढे अंतर खपून जाते. टाचेच्या एका ठोक्यात ते खपत नाही. शिअरर व हिलियार्ड यांनी मंद्र कर्णा आखूड केला आणि दोन्ही कर्ण्यांच्या वाटा सारख्या केल्या. त्यांच्या या दुहेरी ध्वनिवर्धकाला १९३६ सालच्या कामगिरीसाठी अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. पुढे कित्येक वर्षे चित्रपटगृहांतील ध्वनिवर्धक त्याच धर्तीवर बांधले जात.

“म्हणजे एवढ्या मोठ्या लोकांचेही चुकले?” नातवाने विचारले.

“चुकले, आणि तेही एका नाचणारणीच्या पावलांनी दाखवून दिले,” मामा म्हणाले. “आता ती पितळी चकती काढ पाहू.”

खोक्याची समोरची फळी स्क्रूंनी बसविलेली होती. ती बदलता येण्यासारखी होती, परंतु मामांच्या दुकानात तशा प्लायवूडचा एकच तुकडा शिल्लक होता. एकदा भोक पाडले, की ते बुजविता येत नाही. म्हणून प्रथम पुठ्ठ्यावर प्रयोग करण्याचे ठरले. खोके उभे केले. ट्वीटर त्यातून काढून पुठ्ठ्यात बसविला. जुन्या भोकात चिंधीचा बोळा कोंबला. मामा तो पुठ्ठा वूफरच्या वर निरनिराळ्या जागी धरू लागले आणि ताई खुर्चीत, खुर्चीच्या उजवीकडे, डावीकडे बसून ऐकू लागली.

ट्वीटर वूफरच्या थेट वर आणताच पहिला मोठा फरक पडला. खोलीत माणसे शेजारी शेजारी बसतात, एकमेकांच्या डोक्यावर बसत नाहीत. दोन्ही स्पीकर एका उभ्या रेषेत असले, म्हणजे उजवीकडे वा डावीकडे कितीही सरकले तरी दोन्ही वाटा सारख्याच लांब होतात अथवा सारख्याच आखूड होतात. लाटांचे भांडण मिटते असे नव्हे. ते छताकडे व जमिनीकडे जाते. तेथे ऐकावयास कोणी नसते. घरोघरच्या चांगल्या ध्वनिवर्धकांत लहान स्पीकर मोठ्याच्या डोक्यावर का असतो, याचे हे कारण आहे. काही जण असे खोके शोभेसाठी किंवा जागेअभावी आडवे ठेवतात. ते दिसते बरे. पण बांधणाऱ्याने केलेल्या कामावर त्यामुळे पाणी पडते.

दुसरा प्रश्न अंतराचा होता. ३० सेंटिमीटर अंतर असताना केवळ १३ अंश बाजूला सरकले, की दोन लाटा एकमेकींना मारीत. मामांनी ट्वीटर वूफरला इतका खेटून धरला, की दोघांच्या कडा एकमेकींना भिडल्या. आता मध्यापासून मध्यापर्यंत साडेतेरा सेंटिमीटर अंतर राहिले. म्हणजे जवळजवळ एका लाटेएवढेच. आता हे भांडण वर आणि खाली ३० अंशांपर्यंत येत नव्हते. दोन मीटरांवर बसणाऱ्याच्या दृष्टीने ते मीटरभर वर किंवा मीटरभर खाली गेले. आजोबा खुर्चीत बसले, थोडे घसरून पडले किंवा पाणी पिण्यासाठी उठून बसले, तरी शब्द हरवण्याचे भय उरले नाही.

“आणि तिसरा स्पीकर असता तर?” नातवाने विचारले. त्याच्या मनात पुढचे खोके आतापासूनच तयार होऊ लागले होते.

त्याचे उत्तर लाटेच्या लांबीतच आहे. तीन स्पीकरांच्या खोक्यात मंद्र व मध्यम यांची सीमा पुष्कळदा ३०० हर्ट्झच्या आसपास असते. त्या सुराची लाट सव्वा मीटरच्या आतबाहेर लांब असते. तिच्यापुढे वीतभर अंतराची मातब्बरी काय? म्हणून मोठा वूफर खाली, तळाशी असला तरी चालतो. मध्यम व तार स्पीकर मात्र एकमेकांना चिकटूनच हवेत. कारण त्यांची सीमा वरच्या पट्टीत, लहान लाटांच्या प्रदेशात असते. केवळ ८० हर्ट्झच्या खालचे सूर काढणारा स्पीकर तर खोलीच्या कोपऱ्यात वेगळा ठेवला तरी सहसा कळत नाही. तेथे लाट चार मीटरांहून लांब असते. सूर जितका उंच, तितका शेजार जवळचा, असे हे नाते आहे.

काही कारागिरांनी हा शेजार पार टोकाला नेला. लंडनच्या टॅनॉय कंपनीने १९४७ साली असा स्पीकर काढला, की ज्यात तार सुरांचे तोंड मोठ्या शंकूच्या ऐन मध्यातच होते. तेथे अंतराचा प्रश्नच उरत नाही; मात्र असे स्पीकर बनविणे कठीण व खर्चाचे. जोसेफ डॅपोलिटो या अमेरिकन अभियंत्याने १९८३ साली निराळी युक्ती मांडली: मध्ये ट्वीटर आणि त्याच्या वर व खाली एकेक सारखाच वूफर. वरच्याने जो तोल बिघडवावा, तो खालच्याने सावरावा. नातवाजवळ वूफर एकच होता. तेव्हा ही युक्ती वहीत लिहून ठेवण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता.

फळी आखावयास घेतल्यावर नातवाने ट्वीटरची जागा पट्टीने अगदी मधोमध काढली. मामांनी पेन्सिल काढून घेतली व ती खूण दोन सेंटिमीटर बाजूला सरकविली.

“वाकडे दिसेल, मामा!”

“दिसू दे.”

याचे कारण असे. ट्वीटरमधून निघालेला आवाज फळीवरून पसरत तिच्या कडांपर्यंत जातो. तेथे फळी एकाएकी संपते, आणि कडेपासून त्या आवाजाची एक दुबळी दुसरी लाट निघते. ट्वीटर सर्व कडांपासून सारख्याच अंतरावर असला, तर या दुबळ्या लाटा एकाच वेळी ऐकणाऱ्याकडे पोचतात व त्यांचे बळ एकवटते. अंतरे निरनिराळी ठेवली, की त्यांची फाटाफूट होते. हॅरी ओल्सन या शास्त्रज्ञांनी घन, गोल, दंडगोल अशा बारा निरनिराळ्या आकारांची खोकी करून हे पारखले व आपले निष्कर्ष १९५१ साली प्रसिद्ध केले. गोल खोक्यातून आवाज सर्वांत एकसारखा आला, कारण गोलाला कडाच नसते. दंडगोलाच्या सपाट तोंडावर मधोमध बसविलेला स्पीकर मात्र फार वाईट ठरला. तेथे प्रत्येक कड सारख्याच अंतरावर होती. गोल खोके बांधणे नातवाच्या हातचे नव्हते. म्हणून ट्वीटर एका कडेपासून ११, दुसरीपासून १५ आणि वरच्या कडेपासून ८ सेंटिमीटर, असा बसला. त्यामुळे तो वूफरच्या उभ्या रेषेतून दोन सेंटिमीटर ढळला खरा. पण चौदा सेंटिमीटरांच्या लाटेपुढे दोन सेंटिमीटर म्हणजे काही फार नव्हे. दोन्ही गुण पुरतेपणी एकत्र मिळत नाहीत, तेव्हा कोठे किती सोडावयाचे हे कारागिराला ठरवावेच लागते.

भोके पाडली, कडा कानशीने घासल्या, स्पीकर बसले. खोके एका स्टुलावर ठेवले. स्टूल निवडतानाही ताईने माप घेतले. आजोबांचा कान जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच होता. ट्वीटरही तेवढ्याच उंचीवर यावा म्हणून ५३ सेंटिमीटरांचे स्टूल लागले.

एवढे झाल्यावर एक बारीकशी गोष्ट उरली. वूफरचा शंकू खोल असतो व त्याचा आवाज जणू त्या खोलातून निघतो. ट्वीटरचा पडदा मात्र फळीच्या तोंडाशीच असतो. म्हणजे ट्वीटर दोन-अडीच सेंटिमीटर पुढे बसल्यासारखा झाला. चित्रपटगृहातील आठ फुटांपुढे हे काहीच नव्हे. परंतु सात सेंटिमीटरांत जेथे सारा खेळ बिघडतो, तेथे अडीच सेंटिमीटर दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. खोके किंचित मागे कलते केले, तर वरचा ट्वीटर मागे जातो व दोघे एका ओळीत येतात.

किती कलते करावयाचे? त्यासाठी मामांनी उलटी परीक्षा घेतली. ट्वीटरच्या दोन तारांची त्यांनी मुद्दाम अदलाबदल केली. त्यामुळे वूफरने हवा पुढे ढकलली, की ट्वीटर ती मागे ओढू लागला. आता दोघांच्या लाटा जितक्या नेमक्या जुळतील, तितका २५०० हर्ट्झचा सूर बुडणार होता. ताई आजोबांच्या जागी बसली. नातवाने खोक्याच्या पुढच्या कडेखाली एक वही सारली, मग दुसरी, मग गणिताचे पुस्तक. सूर क्षीण होत गेला. त्यावर आणखी एक वही सारताच तो पुन्हा मोठा झाला. ती वही काढून घेतली. पुस्तकांची उंची भरली साडेचार सेंटिमीटर. मामांनी तारा पुन्हा पूर्ववत जोडल्या, तशी ती शिट्टी अशी काही खणखणीत वाजली, की ताईने कानांवर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी गणिताच्या पुस्तकाच्या जागी तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा आला.

संध्याकाळी आजोबा आले. खोके उभे, मागे कललेले आणि त्याचा वरचा डोळा थोडा तिरळा. “हे काय, बिघडले की काय?” त्यांनी विचारले. कोणी उत्तर दिले नाही. नातवाने फीत लावली.

पूर्वरंग झाला. टाळांचा गजर झाला. आजोबा डोळे मिटून बसले होते. उत्तररंगात दादांचा आवाज थोडा खाली आला. श्रोत्यांशी घरगुती बोलावे तसे ते बोलू लागले होते. आजोबा सवयीने पुढे वाकले. हात कानामागे गेला.

दादा म्हणत होते, “आमच्या धाकट्याला मी रोज म्हणतो, टाळ धर, आणि तो रोज टाळतो!”

श्रोते खो खो हसले. आजोबांचा कानामागचा हात तसाच राहिला.

“अरे,” ते म्हणाले, “हे माझ्यावरच आहे की!”

मग ते हसू लागले. हसता हसता त्यांनी पंचाच्या टोकाने डोळे पुसले. “पुन्हा लाव,” ते म्हणाले.

नातवाने फीत मागे घेतली. या वेळी आजोबा श्रोत्यांच्या आधीच हसले.